उभ्यानं जेवणारी गाडी

सुष्मिताने इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा तिला वाटलं, आपण गाडी घेतली. महिन्याभरातच तिच्या ध्यानात आलं की गाडी तिने घेतली असली, तरी गाडीची चौकशी सगळ्या कोल्हापूरने आपसात वाटून घेतली आहे.

मिसळ खायला थांबावं तर बाहेर येईतो दोघं-तिघं बॉनेटला कान लावून उभे. सिग्नलला थांबावं तर शेजारचा बुलेटवाला काच खाली करायला खुणावणार. रंकाळ्यावर जावं तर भेळवाला कांदा चिरायचा थांबून विचारणार. प्रश्न ठरलेले. किती जाती? चार्जिंगला किती येळ लागतोय? पावसात शॉक बसत न्हाय का? वाटंत संपली मग? पन्हाळ्याच्या पार्किंगला तर करवंदं विकणाऱ्या एका म्हातारीने गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "आगं बया, एवढी चढण चढली आन आवाज न्हाय. ढकलत आनलीसा व्हय?"

प्रश्नांचा सुष्मिताला राग नव्हता. ती हायस्कूलात गणित शिकवायची. तेच ते प्रश्न ऐकण्यात तिची निम्मी नोकरी गेली होती. राग याचा होता की विचारणारा प्रत्येक जण तिच्या नवऱ्याला विचारायचा. स्टिअरिंगवर ती, किल्ली तिच्याकडे, कागदावर नाव तिचं, आणि लोक तिच्या खिडकीतून आत वाकून, तिला जणू सीटचं कव्हर समजून, पलीकडच्या शिवशरणला म्हणायचे, "पावणं, किती जाती ओ?"

आणि शिवशरण सांगायचा.

त्याची मार्केट यार्डात गुळाची अडत होती. ढेप हातात घेतली की तिचे गुण चढत्या आवाजात सांगायचे, ही त्याची तीस वर्षांची सवय. गाडी नवी होती तेव्हा तो 'अडीचशे' म्हणायचा. ते जवळपास खरं होतं. गणपतीपर्यंत अडीचशेचे तीनशे झाले. दिवाळीनंतर तो सीटवर मागे रेलून, डोळे अर्धे मिटून सांगायला लागला, "चारशे. आरामात." सुष्मिता रस्त्याकडे बघत बसायची. चारचौघांत नवऱ्याचं गणित तपासू नये, एवढं तिला कळत होतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मुलाचं, आदर्शचं लग्न ठरलं आणि घरात एक जुनं दुखणं पुन्हा ठणकायला लागलं. ते दुखणं म्हणजे नेसरीला राहणारा शिवशरणचा थोरला भाऊ, सिद्धलिंग.

भाऊ भावाशी पाच वर्षं बोलत नव्हता. कारण शेताचा बांध नाही, घराची वाटणी नाही. कारण बुफे. शिवशरणने कोल्हापुरात घर बांधलं, वास्तूला मोठा हॉल घेतला आणि शहरातल्या रीतीप्रमाणे बुफे ठेवला. गडबडीत थोरल्या भावाच्या हातात कुणीतरी प्लेट दिली आणि 'घ्या की, लायनीत या' म्हणालं. सिद्धलिंगच्या घरी पावण्याला पाटावर बसवून यजमान स्वतः वाढतो, आणि पावणा ताटावर आडवा हात धरेपर्यंत थांबत नाही. धाकट्या भावाच्या वास्तूला आपल्याला कुणी बस म्हणालं नाही, घे म्हणालं नाही, हे त्याला लागलं. त्याने प्लेट जागच्या जागी ठेवली आणि सगळ्या पावण्यांच्या देखत म्हणाला, "उभ्यानं गोठ्यात खात्यात. घरात बसून जेवत्यात." आणि तो उपाशी पोटी एसटीने नेसरीला गेला. मागोमाग शिवशरणच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. 'माझ्या वास्तूला मला जनावर म्हणाला' हे त्याने धरून ठेवलं. एकाने जायचं सोडलं, दुसऱ्याने बोलवायचं सोडलं, आणि मधल्या मधे दोघी जावा चोरून फोनवर बोलत राहिल्या.

"आदर्शच्या लग्नाला भाऊजी नसले तर कसं दिसंल?" सुष्मिता म्हणायची.

"पत्रिका धाडू की पोस्टानं."

"सख्ख्या भावाला पोस्टानं?"

यावर शिवशरण पेपर वाचायला घ्यायचा. पण त्या नावाने पेपर घेतला की तो पान उलटायचा नाही, हे ती बघून होती.

त्या रविवारी दोघं चंदगडला निघाले, त्याच्या मामांना अक्षता द्यायला. नेसरी वाटेवरच होती. सुष्मिताने कुणाला न विचारता एक पत्रिका सिद्धलिंगच्या नावाची लिहून पर्समध्ये ठेवली होती. जाताना नेसरीचा फाटा आला तेव्हा तिने गाडी जरा हळू केली. शिवशरण समोर बघत म्हणाला, "चल, चल." तिने गाडी पुढे काढली.

त्याआधी गडहिंग्लजला चार्जरपाशी थांबायचं तिच्या मनात होतं. शिवशरणने थांबू दिलं नाही. "अगं, चारशे जाती की. येताना बगू." ती त्याच्याकडे बघत राहिली. तो चेष्टा करत नव्हता. इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगून त्याचा स्वतःचाच त्या आकड्यावर विश्वास बसला होता. तिने वाद घातला नाही. येताना चार्जर होताच. पण चंदगडचे घाट, मामांनी गावभर मिरवायला मागितलेली गाडी, त्यात पोराटोरांसाठी लावलेला एसी, असं सगळं होऊन परतताना तिने मोबाइलवर बघितलं तर गडहिंग्लजचा चार्जर बंद पडलेला, पुढचा थेट संकेश्वरला, आणि गाडीत आठ टक्के.

"आठ म्हंजे किती?" शिवशरणने विचारलं.

"म्हंजे नेसरी," सुष्मिता म्हणाली.

त्याने पर्याय काढायला सुरुवात केली. पेट्रोल पंपावर विचारू. गिरणीत विचारू. सुष्मिताने गाडी कडेला घेतली आणि शांतपणे सांगितलं, "गिरणीत विचारा. मग संध्याकाळी पारावर चर्चा होईल, सिद्धलिंगअण्णाचा भाऊ गावात येऊन दुसऱ्याच्या दारात वायर जोडून बसलाय. चालंल तुम्हाला?"

हे त्याला चालणार नव्हतं. गाडी नेसरीत शिरली तेव्हा तो सीटवर सरळ बसला होता. रेलायचं त्याला सुचलं नाही.

सिद्धलिंग दारातल्या कट्ट्यावर बसला होता. कपाळावर भस्माचे पट्टे, मांडीवर शेंगांचं सूप. बिनआवाजाची गाडी दारात येऊन थांबली तेव्हा त्याने मान वर केली. आधी गाडी बघितली, मग भाऊ बघितला. पाच वर्षांत केस किती पिकले, पोट किती सुटलं, सगळं त्याने एका नजरेत मोजलं असणार. मग त्याने एक शेंग फोडली आणि रस्त्यावरचा कोणीही माणूस विचारतो तसं विचारलं, "काय पावणं, किती जाती?"

सिद्धलिंग या भावाला आयुष्यभर 'तम्मा' म्हणत आला होता. त्यांच्या घरात आईला अव्वा आणि धाकट्या भावाला तम्मा, अशाच कानडी हाका होत्या. आज त्याने पावणं म्हटलं. सगळ्या जिल्ह्याला चारशे सांगितलेल्या शिवशरणच्या तोंडून कसंबसं निघालं, "नेसरीपत्तोर आली, अण्णा."

"मग आता?"

"जरा चार्जिंग लागतंय."

"चार्जिंगला आलासा व्हय," सिद्धलिंग म्हणाला, आणि शेंगांकडे वळला.

सुष्मिताच्या पर्समध्ये पत्रिका होती, पिशवीत अक्षता होत्या. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्यानेही पिशवीकडे बघितलं आणि बारीक मान हलवली. त्याची अडचण तिला कळली. आता अक्षता पुढे केल्या तर त्याचा अर्थ एकच: बॅटरी संपली म्हणून आले, आलेच आहेत तर आमंत्रण टेकवलं. तो दुसरा बुफे झाला असता. आणि आज दिल्या नाहीत, तर पुन्हा या दारात यायला निमित्त उरलं नसतं.

तेवढ्यात आतून थोरली जाऊ, शांतादेवी, हात पुसत आली. तिने सुष्मिताला जवळ घेतलं, शिवशरणला पाणी दिलं, आणि काही न विचारता आत जाऊन हरभऱ्याची डाळ शिजत घातली. डाळ म्हणजे पुरण, पुरण म्हणजे होळगी, पुरणाची पोळी. घरात पुरुषांचं काय चाललंय याच्याशी त्या डाळीला देणंघेणं नव्हतं.

वायर जोडायची वेळ आली तेव्हा निराळीच फजिती झाली. सोप्यातल्या बोर्डात चार्जर लावला की लाल दिवा लागायचा. अर्थिंग नव्हतं. माजघरात तेच. सिद्धलिंग कट्ट्यावरून बघत होता. शेवटी तो उठला.

"आर्थिंग गोठ्यात हाय," तो म्हणाला. "कडबाकुट्टीच्या प्लगाला. न्या तिकडं."

गाडी घरामागच्या गोठ्याशी नेली. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला पाडी, मध्ये ती पांढरीधोप गाडी. कडबाकुट्टीची पिन काढून तिथे चार्जर घातला तसा हिरवा दिवा लागला. म्हशीने मान वळवून गाडीला हुंगलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

"बरोबर जागा मिळाली," सिद्धलिंग म्हणाला. "उभ्यानंच जेवणार की न्हाय ती?"

पाच वर्षांचा वार होता तो. शिवशरणचा चेहरा लालबुंद झाला. सुष्मिताला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि सगळं संपणार. पण त्याने नुसतं चार्जरच्या हिरव्या दिव्याकडे बघितलं. गाडीत आठ टक्के सुद्धा उरले नव्हते. भांडून जायचं म्हटलं तरी जाता येत नव्हतं. माणसाला निघून जाता येत नसलं की किती भांडणं वाचतात, हे तिला त्या गोठ्यात कळलं.

मग वाट बघणं आलं. सिद्धलिंग कट्ट्यावर, शिवशरण सोप्यातल्या खुर्चीवर, मध्ये उघडं दार. दोघं एकमेकांशी न बोलता तिसऱ्याच गोष्टींबद्दल बोलत होते. उसाला तोड आली का, ते शांतादेवीला विचारायचं. आदर्श कुठे असतो, ते सुष्मिताला विचारायचं. सुष्मिता परातीत कणीक तिंबत दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवत होती.

"किती झालं?" दर थोड्या वेळाने सिद्धलिंग बाहेरून विचारायचा.

"सतरा," ती मोबाइल बघून सांगायची. मग वीस. मग बावीस.

"कितीवर जायला येतंय?"

"पंचवीस झालं की संकेश्वर गाठतंय, भाऊजी."

आत डाळ शिजली होती, पण पुरण अजून वाटायचं होतं. सिद्धलिंगने दारातून स्वयंपाकघराकडे बघितलं, बायकोच्या हातातल्या वरवंट्याकडे बघितलं, आणि उठून म्हशीला पाणी दाखवायला म्हणून मागे गेला.

सुष्मिताच्या हातातला मोबाइल थरथरला. 'चार्जिंग थांबले आहे.' स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठा सरळ दिसत होता. सिद्धलिंग प्लगच्या बोर्डापाशी उभा होता. बटण बंद केलेलं होतं आणि त्याचं बोट अजून बटणावर होतं. त्याने एकवार मागे बघितलं, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि धोतराला हात पुसत आत आला.

"लाईट गेली," त्याने सोप्यात उभं राहून जाहीर केलं.

सोप्यातला पंखा गरगर फिरत होता. शिवशरणने पंख्याकडे बघितलं. सिद्धलिंगनेही बघितलं.

"गोठ्याची येगळी हाय," सिद्धलिंग म्हणाला. "आता यील तवा यील. तवर जेवून घ्या."

सुष्मिताने मोबाइल पालथा घालून डब्यामागे ठेवला. शांतादेवी पुरण वाटता वाटता हळूच म्हणाली, "ह्या घराची खोडच हाय ती." दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून हसल्या. पण हसताना सुष्मिताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्याचं नव्हतं.

पाट मांडले गेले. शिवशरण खाली बसला, शेजारी सुष्मिता. गुडघे कुरकुरले, पण खुर्चीचं नाव त्याने काढलं नाही. सिद्धलिंग स्वतः बसला नाही. त्याने होळगीची दुरडी घेतली, तुपाची वाटी घेतली आणि वाकून वाढायला लागला. एक वाढली. दुसरी वाढली. तिसरीला शिवशरणने ताटावर आडवा हात धरला. सिद्धलिंग हातात होळगी घेऊन तसाच वाकून उभा राहिला.

"अण्णा," शिवशरण ताटाकडे बघत म्हणाला, "गाडी संपली म्हणून आलो मी. संपली नसती तर सकाळसारखा सरळ गेलो आसतो. तुझ्या फाट्यावरनं गेलतो मी, तोंड फिरवून."

"बगितलं मी," सिद्धलिंग म्हणाला. "फाट्यावर च्या पीत होतो."

सुष्मिताचा घास हातातच राहिला.

"वास्तूला मी तुला बस म्हणायला पायजे होतं," शिवशरण म्हणाला. "लई गर्दी होती, पण पायजे होतं. आदर्शचं लगीन हाय. अक्षता पिशवीत हाईत. चार्जिंगला आलो आन उरकून टाकलं म्हणशील, म्हणून काढल्या न्हाईत. पण तू न्हाईस आन पोरगं बोहल्यावर उभं, ते मला बघवायचं न्हाय."

पंखा तेवढा फिरत होता.

"पंगत हाय का उभ्यानं?" सिद्धलिंगने विचारलं.

हॉल ठरला होता, बुफे ठरला होता, केटररशी सुष्मितानेच बोलणं केलं होतं.

"पंगत," शिवशरण म्हणाला.

"वाढायला कोन?"

"तू."

सिद्धलिंगने वाकल्या वाकल्या त्याचा आडवा हात बाजूला सारला आणि तिसरी होळगी ताटात घातली. वर तुपाची अख्खी पळी ओतली. "खा, तम्मा," तो म्हणाला. "वाळलायस."

शिवशरण अजिबात वाळला नव्हता. त्याने मान खाली घालून होळगी खाल्ली, आणि चौथीही खाल्ली.

जेवणं झाल्यावर सिद्धलिंगने अक्षता घेतल्या, देवापुढे ठेवल्या आणि म्हशीला पाणी दाखवायला पुन्हा मागे गेला. डब्यामागचा मोबाइल थरथरला. "लाईट आली," त्याने येऊन सांगितलं. म्हशीला त्या दुपारी पाणी फार झालं असावं.

उन्हं कलली तेव्हा दोघं निघाले. डिकीत एक भोपळा, शेंगांचं पोतं आणि होळग्यांचा डबा आला होता. फाटा मागे पडला तसं सुष्मिताला राहवलं नाही.

"एक सांगू? लाईट गेली नव्हती. भाऊजींनी बटण—"

"म्हायत हाय मला," शिवशरण म्हणाला. तो खिडकीबाहेर बघत होता. "लहानपणी घरात पावणं आलं आन निघाय लागलं, की अव्वा अण्णाला डोळ्यानं खुणवायची. ह्यो जाऊन त्येंच्या चपला कडब्याच्या गंजीत लपवायचा. पावणं शोधत बसायचं आन तवर अव्वाचा सैपाक व्हायचा." तो जरा थांबला. "पंख्याकडं बगितलं न्हवं त्यानं, तवाच मला कळलं. आज माझ्या चपला लपवल्या त्यानं."

पुढे बराच वेळ त्याने तोंड आत वळवलं नाही. सुष्मितानेही बुफेचं काय करायचं ते विचारलं नाही. ते उद्या निस्तरता आलं असतं.

संकेश्वरला चार्जरपाशी वायर लावून दोघं चहाला उभे राहिले, तोवर एक तरुण मोटरसायकल लावून आलाच. गाडीभोवती फिरला, टायरला पाय लावून बघितला, सुष्मिताला ओलांडून पुढे गेला आणि शिवशरणला म्हणाला, "पावणं, एका चार्जिंगमध्ये किती जाती ओ?"

सुष्मिताने कप तोंडाला लावला आणि चारशेची वाट बघत राहिली.

"त्यांना विचारा, गाडी त्यांची हाय," शिवशरण म्हणाला. "मला एवढंच म्हायत हाय, नेसरीत गेली की लवकर निघत न्हाय."